अक्का उचगावला सांगायला गेली

कुणी फ्लॉपी पुढं केली, की अक्का ती दोन बोटांच्या चिमटीत धरायची. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा, तशी. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेच्या घाईतला नवरदेवाचा बाप असो नाहीतर कुठल्या पतसंस्थेचा चेअरमन असो, त्याची फ्लॉपी आधी दाराजवळच्या जुन्या कॉम्प्युटरात जायची. तो कॉम्प्युटर दुसऱ्या कशालाही जोडलेला नव्हता. तिथं व्हायरस तपासून स्वच्छ निघाली तरच आत. कुणी कुरकुरलं तर अक्का म्हणायची, "पावणं, चप्पल बाहेर काढलासा न्हवं? मग हिलाबी थांबू दे की जरा बाहेर."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर तिचं डीटीपीचं दुकान होतं. घर मूळचं निपाणीकडचं, जैन, शेतीवाडीचं. वडील व्यापाराला म्हणून कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. म्हणून ती ताई नाही, अक्का; आणि तिची आई म्हणजे अव्वा. अव्वा दुकानाच्या मागच्या खोलीत माठाशेजारी बसलेली असायची. माठाच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं. नळाचं पाणी असो, विहिरीचं असो, कुणी आणलेली सीलबंद बाटली असो, गाळल्याशिवाय अव्वा पिणार नाही आणि पिऊ देणार नाही. मी कसबा बावड्याची, आमचं घर बौद्ध. कुठल्या घरात आपल्याला पाणी कसं देतात याकडं आमची नजर आपोआप जाते, कुणी शिकवावं लागत नाही. अव्वानं पहिल्याच दिवशी गाळलेल्या पाण्याचा पेला हातात दिला आणि मी वरून प्यायला लागले तशी ओरडली, "सांडतीस कशाला? तोंड लावून पी की!" त्या दिवसापासून मी त्या दुकानची.

मी तिथं जायची ती पत्रकं घेऊन. रेशन, वसतिगृहाचे प्रवेश, वस्तीतली गटारं. ज्याचा संताप येईल त्याच्यावर मी पत्रक काढायची, आणि संताप मला रोज यायचा. अक्कानं माझं नाव कधी घेतलं नाही, 'पत्रकवाली' म्हणायची. टाइप करता करता माझी उद्गारचिन्हं मेथी निवडावी तशी खुडून टाकायची. मी भांडले तर म्हणायची, "एका वाक्याला एक पुरं. चार लावलीस म्हणून वाचणारा चारदा चिडत न्हाय." 'प्रशासन झोपले आहे' हे माझं लाडकं वाक्य. ते आलं की खुर्ची फिरवून विचारायची, "कोण झोपलंय? माणूस सांग. प्रशासनाला डोळं असत्यात व्हय मिटायला?" मी साहेबाचं नाव काढून आणेपर्यंत पत्रक अडकवून ठेवायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी आलो, मी बघतो' असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही.

तिचा खरा जीव होता एका प्रोग्रॅमवर. त्या काळात मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाचा फाँट वेगळा. कोल्हापुरात टाइप केलेला मजकूर इचलकरंजीत उघडला की नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. एका फाँटमधलं लेखन दुसऱ्यात वाचता यावं म्हणून अक्कानं स्वतः एक कन्व्हर्टर लिहिला. पॉलिटेक्निकला शिकलेली होती, आणि आपल्याला येतं हे ती चारचौघांत सांगायलाही लाजायची नाही. "असला प्रोग्रॅम पुण्यात न्हाय, मुंबईत न्हाय. राजारामपुरीत हाय," असं ती अनोळखी माणसालाही ऐकवायची. विकला मात्र नाही. परदेशातल्या एका वेबसाइटवर जगभरातली माणसं आपापले प्रोग्रॅम फुकट ठेवायची, ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा. तिथं अक्कानं आपलं पान उघडलं.

"धर्मशाळा हाय बघ ही," ती मला दाखवायची. "कुणीबी या, आपलं गाठोडं ठेवा, दुसऱ्याचं घेऊन जा. माझा प्रोग्रॅम लातूरच्या एका मास्तरानं नेलाय. अमेरिकेत कोण मराठी म्हातारा हाय, त्यानं नेलाय."

"आणि राखणीला कोण?" मी विचारलं. आम्हा चळवळीतल्या माणसांना राखणदाराचा आधी संशय येतो.

"त्यांची माणसं असत्यात की. एवढी मोठी धर्मशाळा, कुलूप लावल्याबिगार झोपत असतील व्हय?"

दुकानातले दोघंतिघं हसले. मीही हसले.

त्याच सुमाराला उचगावच्या बायकांचं प्रकरण माझ्याकडं आलं. तिथून जवळच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगच्या कामाला होत्या. बायकांच्या संडासाला कारखान्यानं कुलूप घातलेलं, आणि चावी सुपरवायझरच्या खिशात. ज्या बाईला जायचं असेल तिनं सगळ्या शेडसमोर त्याच्याकडं चावी मागायची. तो लगेच देणार नाही. 'कशाला पाहिजे?' विचारणार. खिशात हात घालून 'तूच काढून घे' म्हणणार. पुरुष हसणार. बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. त्यापायी एकीला दवाखान्यात न्यावं लागलं.

हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली, पण पुढं यायला एकही तयार नव्हती. शेवटी त्यांच्यातल्याच मालनबाईच्या घरी सोप्यात बसून त्यांनी मला एकेक गोष्ट सांगितली, नावगावासकट, एकाच अटीवर: नाव बाहेर जायचं नाही. पुण्याच्या एका वकीलबाईंना त्या जबान्या पाठवायच्या होत्या. त्या टाइप करायला मी अक्काशिवाय कुणाकडं जाणार? ती उचगावला स्वतः आली, बायकांशी बोलली. त्यांच्यातली रेखा, लग्न होऊन नुकतीच आलेली, तिनं विचारलं, "अक्का, घरी माझ्या मालकास्नी ठावं न्हाय मी हे बोललो त्ये. कळंल का कुणाला?" अक्का म्हणाली, "माझ्या मशिनीतनं बाहेर जायचं न्हाय. माझा शबूद." जबान्या टाइप झाल्या, आम्ही दोघींनी उघडलेल्या ईमेलवरनं पुण्याला गेल्या, आणि त्या ईमेलचा पासवर्ड अक्का आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हता. असं आम्ही समजत होतो.

मग एका वळवाच्या दुपारी वीज कडाडली आणि अक्काचा मुख्य कॉम्प्युटर बसला. जबान्यांच्या पुढच्या हप्त्याचं काम तुंबलेलं. तिनं सगळं पुसून नव्यानं भरलं. प्रत्येक सीडी त्या दाराजवळच्या कॉम्प्युटरात तपासून घेतली, शेजारच्या दुकानदारानं दिलेली तर दोनदा. फक्त स्वतःचा कन्व्हर्टर तिनं आपल्या पानावरून थेट उतरवला आणि घातला. तो तपासायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आपणच लिहिलेला, आपणच ठेवलेला. आपल्या लेकराला कोण दारात उभं करतं?

थोड्याच दिवसांत आमचं ईमेल उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणून सांगायला लागलं. अक्काला वाटलं मी बदलला, मला वाटलं अक्कानं. तेवढ्यात पुण्याहून वकीलबाईंचा फोन आला: "अगं, तुमच्याकडून इंग्रजीत औषधांच्या जाहिराती कसल्या येतायत मला?" आमच्या ईमेलमध्ये कुणीतरी बसलेलं होतं. जिथं त्या बायकांचे शब्द होते, तिथं बसून कुणीतरी आमच्या नावानं पत्रं धाडत होतं. घरात शिरलेला चोर पळून जातो. हा आतून कडी लावून बसला होता आणि आम्ही बाहेर.

निपाणीच्या एका प्रेसवाल्यानं अक्काला फोन करून तसंच सांगितलं. त्याचंही ईमेल गेलं होतं, तिचा कन्व्हर्टर वेबसाइटवरून नव्यानं घातल्यापासून. अक्का तिच्या पानाकडं धावली, तर ती सगळी वेबसाइटच बंद. 'काम चालू आहे' एवढीच पाटी. ती परत उघडली तेव्हा सोबत एक इंग्रजी निवेदन होतं. अक्कानं मला ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याचं आढळलं आहे. ठेवलेल्या काही प्रोग्रॅममध्ये फेरफार झालेले असू शकतात. काही वापरकर्त्यांना उपद्रव झालेला असू शकतो. खबरदारी म्हणून पासवर्ड बदलावा.

मी आयुष्यात पुष्कळ सरकारी उत्तरं वाचली आहेत. माणसाला गटारात ढकलून वर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणणारी पत्रं माझ्याकडं आहेत. पण हे त्यांच्याही वरताण होतं. 'काही वापरकर्ते' म्हणजे कोण? रेखाच्या नवऱ्याला कळलं तर काय, हे त्यांच्या खबरदारीत बसतं का? चोरांनी धर्मशाळेत शिरून लोकांच्या गाठोड्यांत काहीतरी दडवून ठेवलं. जो गाठोडं घरी नेईल त्याच्या बोटाखाली दबलेलं प्रत्येक अक्षर गुपचूप चोराकडं पोचत होतं. अक्काचं गाठोडं त्यातलंच एक. त्या पानावरनं ज्यांनी तिचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, त्या सगळ्यांच्या घरात तिच्याच नावानं चोर गेला. आणि राखणदार म्हणतो, पासवर्ड बदला!

अक्का खुर्चीवरनं उठून मागच्या खोलीत गेली आणि अव्वासमोर खाली बसली. झालेलं सगळं सांगितलं. अव्वाला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "सगळ्यांचं तपासतीस, मग तुझंच का न्हाय तपासलंस?"

"माझंच हुतं म्हणून."

"घरच्या हिरीचं पाणी काय आपण न गाळता पितो व्हय गं?"

अक्का रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

डोळे पुसून बाहेर आली ती गाडीची किल्ली शोधत. "उचगावला जायाचं. कारखान्याला सुट्टी हाय आज. सगळ्या घरात असतील."

"कशाला?"

"सांगायला."

मी तिच्या आडवी आले. म्हटलं, अक्का, डोकं फिरलंय का तुझं? तो चोर कुठल्या देशातला असेल, त्याला मराठी येत नाही, उचगाव कुठं आहे ते त्याला ठाऊक नाही. त्याला जाहिराती पाठवायला खातं पाहिजे होतं, ते मिळालं. त्या जबान्या त्यानं उघडल्याही नसतील. आपण गप्प बसलो तर जन्मात कुणाला कळायचं नाही. सांगितलंस तर बायका घाबरतील, माघार घेतील, लढा मोडेल, आणि तो सुपरवायझर चावी खिशात घालून तसाच हसत राहील.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सगळं खरं. त्यानं बघितलं नसंल. पण बघितलं न्हाय असं मला सांगता येतंय का? न्हाय. शबूद मी दिलाता. तो मोडला हे त्यांना कारखान्यातनं कळण्यापरास माझ्या तोंडनं कळू दे." आणि मग माझ्याकडं बघून, "ते इंग्रजीवालं 'असू शकतं, असू शकतं' म्हणून सुटलं. आपण बी तसंच करायचं, तर तू पत्रकं काढतीस कशाला?"

मालनबाईच्या सोप्यात त्या गोळा झाल्या. अक्का उभ्यानंच बोलली, फिरवून काही सांगितलं नाही. "तुमचं बोलणं माझ्या मशिनीतनं चोरीला गेलंय. ज्या ईमेलात तुमची नावं हुती त्यात चोर शिरलाय. त्यानं वाचलं का न्हाय, मला ठावं न्हाय. कोण हाय, ठावं न्हाय. चूक माझी हाय. दारात सगळ्यांना तपासत बसलो आणि चोर माझ्याच पोराचं कापड घालून आत आला."

मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमची नावं फारिनला गेली म्हण की."

"व्हय."

"आन् त्या फारिनच्या चोराला आमच्या संडासाचं काय पडलंय गं?"

एक जण फिसकन हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रेखा हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. "माझं काढून टाक अक्का," ती म्हणाली. "माझं नाव, माझं बोलणं, सगळं काढ. मी न्हाय आता ह्यात."

"काढतो," अक्का म्हणाली. "माझ्याकडचं, वकीलबाईकडचं, सगळं आजच पुसतो. पण खोटं न्हाय बोलत. चोराकडचं मला पुसता येत न्हाय."

हे असं तोंडावर सांगायची काय गरज होती, हे मला तेव्हा कळेना. रेखाबरोबर आणखी एकीनं माघार घेतली. मला वाटलं, संपलं. मग मालनबाई बोलली. ती बोलायला लागली की मान खाली घालायची, तशीच घातलेली. "बारा वर्सं झाली मला त्या कारखान्यात. मशीन बिघडलं तर सांगत न्हाईत, केमिकल बदललं तर सांगत न्हाईत. हाताची सालटं निघाल्यावर आमचं आम्हाला कळतंय. आमचं काय बिघडलंय ते घरी येऊन सांगणारी तू पयली भेटलीस बघ." मग मान वर करून, "ठाव नसलेल्या चोराला माझं नाव ठावं हाय, आन् रोज तोंडासमोर असतोय त्या मुडद्याला न्हाय? छाप माझं नाव. मोठ्या अक्षरात छाप."

मी पिशवीतनं पेन काढलंसुद्धा होतं. अक्कानं माझं मनगट धरलं. "आज न्हाय मालनबाई. आज तू रागात हाईस. घरात बोल, पोरांशी बोल. दोन दिसांनी मी परत येतो, तवा सांग."

दोन दिवसांनी ती परत गेली. मालनबाईचं उत्तर तेच होतं, आणि तिच्याबरोबर आणखी दोघी तयार झालेल्या. त्या पत्रकाला मी एकही उद्गारचिन्ह घातलं नाही. वर सुपरवायझरचं नाव, खाली तिघींची, मध्ये चावीची हकीकत. कारखान्याच्या फाटकावर आम्ही ते वाटलं. आठवड्यात कुलूप निघालं. महिन्यात मालनबाईला कामावरून काढलं. ही दोन्ही वाक्यं मी एकापाठोपाठ लिहिते, कारण ती तशीच घडली. विजयाच्या पत्रकात दुसरं वाक्य छापत नाहीत, म्हणून इथं छापते.

अक्काचं दुकान त्यानंतर फार टिकलं नाही. तिनं आपला कन्व्हर्टर त्या वेबसाइटवरून काढून टाकला आणि ज्यानं ज्यानं नेल्याचं तिला माहीत होतं त्याला फोन केला, जमलं तिथं जाऊन स्वतः कॉम्प्युटर पुसून दिला. बाकीचे डीटीपीवाले गप्प राहिले होते. त्यांच्याही मशिनीत ते शिरलं होतं, पण गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं नाही. जिनं सांगितलं ती 'व्हायरसवाली' झाली. निपाणीच्या त्या प्रेसवाल्यानं तर फोनवर शिव्या घातल्या, "फुकट दिलंस आणि घर जाळलंस की गं माझं!" मी चिडून म्हटलं, आपण त्या वेबसाइटवर पत्रक काढू, त्या चोरांवर काढू. अक्का म्हणाली, "चोराचं नाव आण, छापतो." ते नाव आजतागायत कुणाला कळलेलं नाही. कुठल्या तरी देशात कुणीतरी एक कळ दाबली, आणि राजारामपुरीतल्या एका दुकानाचं शटर खाली ओढलं गेलं.

अव्वाला घेऊन ती निपाणीला भावाकडं गेली. तिथं शाळेतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. मधूनमधून फोन करायची, माझ्या नव्या पत्रकातल्या चुका काढायची. मग काही वर्षांनी तिच्या भावाचा फोन आला. ताप डोक्यात गेला, म्हणाला, दोन दिवसांत सगळं झालं. अक्का पन्नाशीचीही नव्हती.

तोपर्यंत मालनबाईकडं मोबाइल आला होता. नंबर माझ्याकडं होता. मी तो लावला नाही, उचगावची बस धरली. मालनबाई दारातच होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढ्या उन्हाचं आलीस? फोन करायचास की." मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि किती तरी वेळ नुसती जमिनीवर हात फिरवत राहिली.

शेजारच्या घरातून रेखा बाहेर आली. कडेवर पोर. माघार घेतल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती, समोर आली तर रस्ता बदलायची. मालनबाईनं तिला सांगितलं. रेखानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि मग हळूच मला विचारलं, "त्या नावाचं कदी काय कळलंच, कुटं बाहेर आलंच, तर अक्का मला सांगणार हुती. आता कोण सांगणार?"

"मी सांगीन," मी म्हटलं.

तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "मग लांब कुटं जाऊ नगंस," ती म्हणाली.